हॉलची घरपट्टी

टेपचं एक टोक पप्पांच्या हातात होतं आणि दुसरं माझ्या.

"ताणून धर," पप्पा म्हणाले. "लोंबकळली की माप वाढतं. मग म्हणतील, हिवाळेनं चर्चला जास्त लावली."

मी ताणून धरली. मनात मात्र एकच घोळत होतं, की हे निदान माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी तरी बघू नये. आणि सासरे तर समोरच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते. दुशिंग सर. मिशनच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर आणि आमच्या चर्चचे खजिनदार. सरांनी मला सातवीत भूगोल शिकवला होता आणि आता माझ्याकडे बघत होते ते मी नकाशात गंगा उलटी वाहवल्यासारखं.

माझे पप्पा, प्रभुदास हिवाळे, खडकवेढ्याच्या नगरपालिकेत कर निरीक्षक होते. नवीन आलेल्या मुख्याधिकाऱ्यांनी फर्मान काढलं होतं की गावातल्या सगळ्या धर्मस्थळांच्या इमारती एकदा बघून घ्या. जिच्यात उपासना होते तिला घरपट्टी माफ, जी भाड्याने जाते तिला नाही. आमच्या चर्चने तर गोऱ्या साहेबांच्या काळापासून पालिकेला एक पैसा दिला नव्हता. चर्च दगडी, लहानसं. पण शेजारचा हॉल चांगला ऐसपैस, आणि खडकवेढ्यात तेवढा मोठा दुसरा हॉल नव्हता. त्यामुळे गावातली निम्मी लग्नं तिथे लागायची. मराठ्यांची, मारवाड्यांची, मोमिनांची, सगळ्यांची. त्या भाड्यातून पाळकसाहेबांचा, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचा, पगार निघायचा आणि विधवा बायकांना महिन्याचं काहीतरी मिळायचं.

पप्पांनी साहेबांना विनवून पाहिलं की हे काम दुसऱ्या कोणाला द्या, ते माझंच चर्च आहे. साहेब म्हणाले, तुमचंच आहे म्हणजे आतबाहेर सगळं माहीत असेल, तुम्हीच करा. शिपाई नेमका आजारी. मग टेप धरायला कोण, तर मी. मी शिकवायचे त्या शाळेला सुट्टी होती आणि मला नाही म्हणायची अक्कल नव्हती.

आता आमच्या मंडळींची करामत ऐका. पप्पा येणार हे आदल्या दिवशीच कळलेलं. हॉल हे उपासनेचंच ठिकाण आहे असं दिसावं म्हणून कमिटीने सकाळपासून धावपळ करून व्यासपीठावर प्रवचनाचं पुलपिट आणून ठेवलं, भिंतीला क्रूस टांगला, तबला-पेटी मांडली आणि आम्ही आत पाऊल टाकताच भजन सुरू केलं. मंगळवारी सकाळी, ऐन कामाच्या वेळी, आठ-दहा म्हातारे डोळे मिटून भजन गाताहेत. पाळकसाहेब रेव्हरंड भांबळ पुलपिटामागे उभे. आणि त्यांच्या डोक्यावर, मागच्या पडद्यावर, परवाच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं तशीच. 'शुभविवाह', आणि खाली नवरानवरीची नावं, गुलाबी रंगात, चमकी लावलेली. एवढी आवराआवर केली आणि पडद्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

पप्पांनी ते वाचलं. मीही वाचलं. माझ्या पोटात हसू मावेना, म्हणून मी ओढणी तोंडाला लावली. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली तसे पप्पा टेप खाली ठेवून मान लववून उभे राहिले. प्रार्थना लांबतच गेली. पाळकसाहेबांना बहुधा वाटलं असावं की ऑफिसची वेळ संपेपर्यंत ताणता येईल. शेवटी सगळ्यांसोबत पप्पांनीही आमेन म्हटलं, वाकून टेप उचलली आणि मला म्हणाले, "सुवार्ता, आता त्या कोपऱ्याला जा."

हसू आलं होतं ते तिथेच विरलं. कारण माझं सगळंच त्या टेपला बांधलेलं होतं. माझा आणि सरांच्या विनयचा साखरपुडा होऊन तीन आठवडे झाले होते. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये पुकार होते. पाळक उपासनेत उभे राहून सांगतात की अमक्याच्या मुलाचं तमक्याच्या मुलीशी लग्न ठरलं आहे, कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा. आमची पहिली पुकार त्याच रविवारी होती, सुगीच्या सणाला. आईने माझी निळी साडी इस्त्रीला टाकली होती. आणि विनय मला आवडायचा, हे मी आज सत्तरीत सांगायला लाजत नाही. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होता, हाताला कायम ग्रीसचा वास, आणि बोलताना समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचा. एकच खोट होती. वडिलांसमोर त्याचा आवाज बसायचा.

त्याच संध्याकाळी सर आमच्या घरी आले. सलाम झाला, चहा झाला. सरांनी चहा अर्धाच घेतला, तेव्हाच आईने माझ्याकडे बघितलं. मी आतल्या खोलीत गेले आणि दाराशीच उभी राहिले.

सर भांडायला आलेच नव्हते. ते समजावून सांगत होते, आणि खरं सांगते, त्यांचं म्हणणं मला सोळा आणे पटत होतं. ते म्हणत होते, हॉलचं भाडं कोणाच्या खिशात जातं का? विधवांच्या चुली पेटतात त्यावर. सरकारला जे करायला हवं ते आपण करतो, आणि वर सरकारलाच पैसे द्यायचे? शाळा आपण चालवली, दवाखाना आपण चालवला, त्यात कोणाची जात विचारली नाही. आपण मूठभर लोक. एकदा हॉलवर घरपट्टी बसली की पुढचा साहेब येऊन चर्चवर बसवेल. ही माफी म्हणजे आपल्याला असलेला मान आहे, प्रभुदास, आणि मान एकदा गेला की परत मागून मिळत नाही.

पप्पा सगळं ऐकून घेत होते. मग हळूच म्हणाले, की चर्चला माफीच लिहिणार आहे, त्यात कोणी बोट घालणार नाही. पण हॉल भाड्याने जातो, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

"तू सांगू नकोस म्हणजे झालं," सर म्हणाले. "हॉलमध्ये आपण नाताळची नाटकं करतो. संडेस्कूल भरवतो. तेवढंच लिही. खोटं काय आहे त्यात?"

सर उठले. चपला घालता घालता म्हणाले, "रविवारपर्यंत विचार कर. पुकारही रविवारीच आहे."

एवढंच बोलले. आवाज चढवला नाही, काही नाही.

सर गेल्यावर मी बाहेर आले आणि पप्पांवर अशी तुटून पडले की आईनेसुद्धा पोळपाट बाजूला ठेवला. मी म्हणाले, तुमच्या साहेबाला दुसरं कोणी मिळालं नाही, आणि तुम्हाला आजारी पडता आलं नाही? चार ओळी इकडच्या तिकडे लिहिल्या असत्या तर आभाळ कोसळलं असतं का? लग्न झाल्यावर काय करायचं ते करा म्हणावं, दोन महिने थांबा. माझ्या लग्नापेक्षा तुमची टेप मोठी झाली का?

पप्पा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, मला आणखी भांडता आलं असतं.

"गेल्या महिन्यात मी देवळाच्या गाळ्यांना कर लावला," ते म्हणाले. "तुला माहीत नाही, मी घरी सांगितलं नाही. ट्रस्टचे लोक ऑफिसात आले होते. म्हणाले, हिवाळे, तुम्ही ख्रिस्ती, म्हणून तुम्हाला आमचं देऊळ दिसलं. मी म्हणालो, नियम सगळ्यांना एकच आहे, पुढच्या महिन्यात माझ्या चर्चचा नंबर आहे, बघा तुम्ही. ते म्हणाले, बघू." पप्पांनी चष्मा काढून धोतराच्या... नाही, धोतर नव्हे, पप्पा पायजमा घालायचे, सदऱ्याच्या टोकाने पुसला. "आता ते बघताहेत, पोरी."

मी रडत आत गेले. भातपिठलं झालं होतं, जेवले मात्र पोटभर. रागात मला भूक जास्त लागते.

शुक्रवारी पप्पांनी अहवाल दिला. चर्चला माफी, हॉलला घरपट्टी. दुपारपर्यंत गावभर झालं. आमच्या गल्लीत तर भाजीवालीच्या आधी ती बातमी दारोदार पोहोचली. शनिवारी विनय शाळेच्या फाटकाशी आला. बराच वेळ सायकलची घंटी पुसत उभा राहिला आणि मग म्हणाला, मी घरी बोलतो. मी विचारलं, कधी? तर म्हणाला, बाबांचा मूड बघून. आता घ्या. बाबांचा मूड बघत बसला असता तर आम्ही दोघं म्हातारे होऊन फाटकाशी उभे असतो.

रविवारी मी निळी साडी नेसले. आई म्हणाली, दुसरी नेस. मी म्हणाले, मी काय चोरी केली आहे?

सुगीच्या सणाला आमचं चर्च बघण्यासारखं असतं. प्रत्येक जण आपल्या पिकातलं काहीतरी देवापुढे आणतो. ज्वारीची कणसं, उसाची मोळी, भोपळे, अंडी, केळीचा घड, आणि ज्याच्याकडे शेत नाही तो परसातलं. पप्पांचं परस म्हणजे कोंबड्या. दरवर्षी ते आपला सगळ्यात देखणा कोंबडा आणायचे. त्या वर्षीचा तर काय सांगू, तांबडालाल, तुरा असा की फेटा बांधलाय. पाय बांधून वेदीपाशी ठेवला होता, आणि तिथूनही तो पाळकसाहेबांकडे तिरप्या नजरेने बघत होता.

उपासना झाली. सूचना झाल्या. महिला मंडळाची सभा बुधवारी, पेटीमास्तरांच्या सुनेला मुलगा झाला, अभिनंदन. पाळकसाहेबांनी हातातला कागद उलटा केला, खाली बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले, आपण शेवटचं गीत गाऊ या.

पुकार झाली नाही. पप्पा उभे राहून गात होते, पण त्यांचे ओठच हलत होते. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांच्या सदऱ्याची मागची शिवण उसवली होती आणि ते मला सकाळी दिसलं नव्हतं, याचंच वाईट वाटत राहिलं.

मग लिलाव. ही आमच्या सुगीची खरी मजा. आणलेली प्रत्येक वस्तू अंगणात लिलावाला निघते. एक अंडं दहा रुपयांना जातं. ज्याने घेतलं तो ते परत देवाला देतो, पुन्हा लिलाव, पुन्हा दुसरा घेतो. एकेक भोपळा पाच-पाच जणांच्या हातून फिरतो आणि सगळ्यांची हसून हसून पुरेवाट होते. भाव वस्तूचा नसतोच. ज्याची वस्तू आहे त्याच्यावर किती जीव आहे, ते बोलीत कळतं. लिलाव शमुवेलमामा करायचे, दवाखान्यातले कंपाउंडर. त्यांची जीभ अशी की मेलेला माणूससुद्धा बोली लावेल.

ऊस गेला, केळी गेली, दुशिंग सरांची पपई चार वेळा फिरली. मग मामांनी पप्पांचा कोंबडा उचलला.

"हा बघा हिवाळेसाहेबांचा राजा. वीस रुपयांपासून. बोला."

कोणी बोललं नाही. मामांना वाटलं ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं, पंधरा म्हणाले. लोक चपलांकडे बघायला लागले. कोणी पोराचं नाक पुसायला घेतलं. मागच्या वर्षी याच कोंबड्याच्या बापासाठी हमरीतुमरी झाली होती. पप्पा भिंतीशी उभे होते, दोन्ही हात मागे. घरच्यांनी आपल्याच वस्तूवर बोली लावायची नसते, नाहीतर मी कानातलं काढून दिलं असतं. विनयकडे बघितलं. त्याने तोंड उघडलं, वडिलांकडे बघितलं आणि मिटलं.

मामांचा आवाज उतरला. "दहा. कोणी तरी बोला, मंडळी." तिसऱ्यांदा.

आणि त्या शांततेत कोंबडा आरवला. मामांच्या हातात उलटा लोंबकळत, पण असा खणखणीत की चर्चच्या छपरावरची कबुतरं उडाली.

आमच्या लोकांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. येशूला पकडून नेलं त्या रात्री त्याच्या शिष्याने, पेत्राने, आपल्या गुरूला ओळखत नाही म्हणून तीनदा सांगितलं आणि कोंबडा आरवला, ही गोष्ट आम्ही दूध पितानाच ऐकलेली. अंगणात एकाचीही मान वर राहिली नाही. पाळकसाहेबांनी तर डोळेच मिटून घेतले.

"पन्नास."

बायकांच्या घोळक्यातून आवाज आला होता. रत्नमालाबाई. म्हणजे दुशिंग सरांच्या मिसेस, माझ्या होणाऱ्या किंवा आता न होणाऱ्या सासूबाई. अंगाने किरकोळ, पण चालायला लागल्या की रस्ता मोकळा व्हायचा. सरांनी वळून बघितलं. दबक्या आवाजात म्हणाले, खाली बस. बाई उभ्याच होत्या, खाली बसायला तिथे काही नव्हतंही.

"पन्नास आले," मामा म्हणाले. "कोणी वर?"

कोणी नाही.

"साठ," रत्नमालाबाई म्हणाल्या.

"अहो बाई, पन्नासही तुमचेच आहेत."

"असू देत. दुसरं कोणी बोलत नाही, मग मीच माझ्यावर बोलते. बोली वाढायला नको? सणाचा कोंबडा आहे."

कोणीतरी फुसकन हसलं. सरांचा चेहरा पपईसारखा झाला. ते पुढे आले आणि म्हणाले, रत्ना, तुला माहीत आहे ना याने काय केलं ते?

"माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही, ते सांगते." आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलायला लागल्या. "आपल्या गल्लीतलं गटार पाच वर्षं उघडं आहे. दर पावसाळ्यात पोरं आजारी पडतात. मी बायका घेऊन पालिकेत किती वेळा गेले, मोजलं नाही. दरवेळी तिथला साहेब हसून म्हणतो, बाई, तुमचं एवढं मोठं आवार, एवढा मोठा हॉल, पालिकेला दमडी देत नाही आणि गटार मागायला येता? आणि समोरच्या टेबलावर हे हिवाळे भाऊ बसलेले असायचे. मान खाली. साहेबाला काही बोलता येत नव्हतं, आम्हालाही काही सांगता येत नव्हतं. घरी मी सांगितलं नाही, तुम्हाला लागलं असतं म्हणून. तुम्ही माफीला मान म्हणता. फुकट जेवणाऱ्याला मीठ कमी आहे म्हणता येतं का, सांगा बघू. चर्चची माफी असू द्या, देवाच्या घराला कोण पट्टी लावतंय. पण हॉलची पट्टी भरा आणि पावती माझ्याकडे द्या. मी सोमवारी जाणार आहे पालिकेत. बघू आता कोण हसतंय."

मी पप्पांकडे बघितलं. त्यांनी हे आम्हालाही कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवण्याचं त्यांना सुचत नव्हतं.

"साठ एक वेळ," मामांनी घाईघाईने सुरू केलं. मामांना माणसं ओळखता यायची. "साठ दोन वेळ..."

"पासष्ट," असा एक आवाज आला, बसका, पण आला. विनय होता. बापासमोर आयुष्यात पहिल्यांदा. मला तर तिथेच नाचावंसं वाटलं. मग पेटीमास्तर पंच्याहत्तर म्हणाले, मग बेकरीवाले पंच्याऐंशी, आणि पाळकसाहेबांनी डोळे उघडून पगाराचा विचार न करता पंच्याण्णव. रत्नमालाबाई प्रत्येकावर पाच चढवत होत्या. त्यांच्या कमरेला बटवासुद्धा नव्हता.

"दीडशे," दुशिंग सर म्हणाले. सर बायकोकडे बघत होते. "आता बस कर. शेवटी भरायचे मलाच आहेत."

काय हसले लोक. पप्पासुद्धा. सर हसले नाहीत, हेडमास्तर तो शेवटी हेडमास्तर. पप्पांकडे गेले आणि म्हणाले, पट्टी जास्त लावली आहेस, मी अपील करणार. पप्पा म्हणाले, जरूर करा सर, अर्ज मी लिहून देतो, संडेस्कूलचे आणि नाटकांचे दिवस वजा मिळतील. आणि ते मिळालेही पुढे. गटारावर फरशा मात्र त्याच्या आधी पडल्या. माफी असावी की नसावी, यावर ते दोघं व्याही पुढे वीस वर्षं दर नाताळच्या जेवणाला वाद घालत राहिले आणि एकमेकांच्या ताटात करंज्या वाढत राहिले.

पण त्या दिवशी मला पुढचं काही माहीत नव्हतं. मी आपली भिंतीशी, निळ्या साडीत, कोणाकडे जावं ते न कळून उभी. रत्नमालाबाईंनी मामांच्या हातून कोंबडा घेतला. मला वाटलं, आता रिवाजाप्रमाणे परत देवाला देतील. त्या तशाच अंगण ओलांडून सरळ माझ्याकडे आल्या. सगळी मंडळी बघत होती.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "हा धर. आपल्या घरी न्यायचा आहे."

मी दोन्ही हातांनी धरला. भारी फडफडला, साडीवर घाण केली. मी सोडला नाही.